उघडा तळहात

कुत्र्याला 'तुम्ही' म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या शाळेत घंटा वाजवायचा.

शाळा मुलींची, धरमपेठेतली. सत्तरच्या दशकात मी तिथं गणित शिकवायला लागले, तेव्हा काकाजी पन्नाशी ओलांडून गेले होते. काकाजी हे त्यांचं नाव नव्हे. आमच्याकडे वयानं मोठ्या माणसाला काकाजीच म्हणतात आणि मग खरं नाव फक्त हजेरीपटावर उरतं. उंच, किंचित वाकलेले, धोतरावर शाळेचा खाकी सदरा. घराणं उमरेडच्या विणकरांचं. हातमागावर भागेना म्हणून नागपूरला आले आणि चपराशी झाले. बोटं मात्र मागावरचीच राहिली होती. बोलताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायचे, जणू मध्ये धागा धरलाय.

घंटा कधी वेळेवर व्हायची नाही. चौथा तास संपला तरी घंटा नाही म्हणून मी खिडकीतून डोकावले, की काकाजी फाटकाशी उकिडवे बसलेले आणि समोर एखादं खरजुलं कुत्रं. मुख्याध्यापिका वैतागायच्या. "काकाजी, घड्याळ पाहता की कुत्रं?"

"घड्याळ पाहून राहिलो होतो मॅडम. हा मधात आला."

मला स्वतःला कुत्र्यांचं फार प्रेम नाही, तेव्हाही नव्हतं. आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणी मला प्राणिप्रेमी समजू नये. काकाजींकडे माझं लक्ष गेलं ते त्यांच्या पद्धतीमुळे. गणिताच्या शिक्षिकेला पद्धत आवडते.

शाळेच्या मागच्या गल्लीत एक वकील राहायचे. त्यांनी मोठा अल्सेशियन आणला होता. सकाळ-संध्याकाळ त्यांचं ओरडणं शाळेपर्यंत ऐकू येई, "सिट! सिट!" कुत्रा बसायचा नाही. कोणीतरी काकाजींचं नाव सुचवलं. काकाजी गेले आणि कुत्र्याकडे पाठ करून अंगणात बसले. बोलले नाहीत, हात लावला नाही, तासाभरानं उठून आले. असं सहा दिवस. वकील म्हणाले, हा माणूस शिकवायला येतो की बसायला? सातव्या दिवशी काकाजींनी जाताना एक थाळी दगडावर पाडली. कुत्रा दचकला नाही, पळाला नाही. आधी थाळीकडे पाहिलं, मग काकाजींकडे, अशा काही रागानं, की हे काय वागणं झालं!

काकाजी वळले आणि अदबीनं म्हणाले, "चुकलं. बसा तुमी."

कुत्रा बसला.

"हा हट्टी नाई साहेब," त्यांनी वकिलांना सांगितलं, "मानी आहे. तुमी त्याले नोकरावानी बोलून राहिले. ह्याच्यावर आवाज नोका चढवू. मान द्या, काम द्या. फाटकाची राखण सोपवा अन् पाहा."

वकिलीणबाई दारातून म्हणाल्या, "काकाजी, यांना जरा माझ्याकडंही पाहायला सांगा. पंधरा वर्षं झाली, मला अजून 'ए' म्हणतात."

ही हकिकत शाळेत महिनाभर पुरली. पण मी त्यांना खरंच विचारलं, की तुम्हाला कळतं कसं?

"सुतावून कळते बाई. माग लावाच्या आधी आमी सूत बोटावर घेऊन पाहात होतो. कच्चं आहे का पिळाचं, खळ किती घेतली त्यानं. मंग ताण. सूत न पाहता ताण देला का तुटलंच. लोकं कुत्रं आणते अन् पहिल्याच दिवशी ताण देते. शिकवू नोका म्हणत नाई मी. आधी पाहा म्हणतो."

ते काय काय पाहात, याची यादी मी एकदा वहीच्या मागच्या पानावर केली होती. कुत्रं झोपतं ते भिंतीला पाठ लावून की मोकळ्यावर. खाताना कान कुठं असतात. घरातलं कोण आलं की उठतं आणि कोण आलं की नुसतं शेपूट हलवतं. थाळी पडली की वास घ्यायला पुढं येतं, की पळतं, की तुमच्या तोंडाकडे पाहतं. पुढं येणाऱ्याला ते कामाला लावत. पळणाऱ्याला कधी बांधत नसत, त्याच्यावर हात उचलत नसत. तोंडाकडे पाहणाऱ्याबद्दल म्हणत, "त्याले काई शिकवाचं नसते. तुमचं तुमीच नीट वागाचं." सगळ्यांना मिळून एकच गोष्ट शिकवत. जमिनीवर पडलेलं खायचं नाही, हातावरचं खायचं. तळहात उघडा धरून म्हणायचे, "घे गा." मादी असली तर "घे वं." आमच्या भागातली निम्मी कुत्री त्यांच्या तळहाताला तोंड लावून मोठी झाली होती. ते सायकलवरून निघाले, की दोन-चार मागे असायचीच.

स्टाफरूममधल्या बायकाही ते सुतात मोजत. मला म्हणाले होते, "तुमी दुहेरी पिळाच्या. तुटणार नाई. पण गाठ बसली का ते बी सुटणार नाई." मी हसून सोडून दिलं होतं.

त्यांच्या घरी मी एकदा गेले, पगाराच्या कागदावर सही हवी होती म्हणून. विणकरांच्या वस्तीत एक खोली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. जमिनीत मागाचा खड्डा तसाच होता, ज्यात पाय सोडून विणायला बसतात तो. माग विकला होता, पण खड्डा त्यांनी बुजवला नव्हता. त्यात पोतं अंथरलं होतं आणि पोत्यावर एक तांबडा कुत्रा झोपला होता.

"जागा रिकामी काहून ठेवाची?" ते म्हणाले.

मी धरमपेठेच्या पलीकडच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या नव्या वसाहतीत, दोन खोल्यांत एकटी राहात होते. मेमध्ये आमच्याकडे खिडकीखिडकीला कूलर लागतात आणि प्रत्येक कूलरखाली ठिबकणाऱ्या पाण्यानं हातभर ओली जागा तयार होते. त्या वर्षी माझ्या कूलरखाली एक काळी कुत्री येऊन राहिली. मी दार उघडलं की जायची, लावलं की यायची. पोळी टाकली तर मी आत गेल्यावर, दहादा इकडं तिकडं पाहून खायची. शेजारच्या काकू म्हणत, "हिला कोणी तरी खूप मारलं असंन वं."

जूनमध्ये मी काकाजींना सांगितलं. ते आले, पाठ करून बसले. सात दिवस नाही, तीन आठवडे. थाळी त्यांनी पाडलीच नाही. "गरज नाई," म्हणाले. "ही भिताडाच्या किनारीनं चालते, पाहिलं? रस्ता मोकळा असला तरी किनार सोडत नाई. हिचं नाव किनार ठेवा."

पुढच्या वेळी ते जुन्या लुगड्याचा लाल काठ घेऊन आले. तो तिच्या गळ्यात बांधायला अजून महिना लागला. दिवाळीच्या सुमाराला किनारनं पहिल्यांदा त्यांच्या तळहातावरची भाकर घेतली आणि मग एके सकाळी माझ्या. मला कुत्र्यांचं प्रेम नाही हे मी वर लिहिलंय. पण तिच्या ओठांचा तो ओला, घाबरा स्पर्श मला अजून आठवतो, एवढं मान्य करते.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढचं माझं.

येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मला अमरावतीला भावाकडे जावं लागणार होतं. महिना-दीड महिना. किनार माझ्याशिवाय आणि काकाजींशिवाय कोणाच्या हातचं खात नव्हती, आणि जमिनीवरचं आता तीही खात नव्हती. काकाजी रोज सायकल मारत इतक्या लांब येणार कसे? मी सरळ हिशेब केला आणि त्यांना म्हटलं, "काकाजी, हिला कोणाच्याही हातचं खायला शिकवा. काकू घालतील, त्यांची सून घालेल. माझ्यामागे उपाशी राहायला नको."

ते अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासू लागले. मग म्हणाले, "हे तिच्या सुतात नाई बाई. भितरी आहे म्हणूनच जित्ती आहे ती. दोन हात पुरे तिले. एवढा उन्हाळा मी येत जाईन."

"उन्हात? रोज? उगाच काहीतरी."

"मी सांगून राहिलो ना, ताण नाई झेपणार."

मला वादात हरायची सवय नव्हती. मी म्हटलं, "जमत नसेल तर तसं सांगा काकाजी. वकिलांच्या कुत्र्याचं जमलं, ते सोपं होतं म्हणायचं."

माझ्या विद्यार्थिनींना मी असंच डिवचत असे. बहुतेक वेळा त्या गणित सोडवून आणत.

काकाजींनीही सोडवलं. पौष-माघ दोन महिने ते रोज शाळा सुटल्यावर आले. आधी काकूंना बसवलं, मग त्यांच्या सुनेला. मग पोस्टमन, दूधवाला, शाळेचा माळी, रस्त्यावरून जाणारा कोणी अनोळखी. प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवायचे आणि सांगायचे, "हात उघडा ठेवा. बोटं नोका मिटू. डोळ्यात नोका पाहू. अन् म्हणा, घे वं." पोस्टमन म्हणाला, "काकाजी, माझ्या बायकोनं एवढं सांगितलं तर मी ऐकत नाही." फेब्रुवारीत किनार कोणाच्याही हातचं घ्यायला लागली. मी खूश होते. पास झालेली मुलगी दाखवावी तशी मी तिला येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. काकाजी मात्र खूश दिसले नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "झालं खरं."

मार्चमध्ये आमच्या लेआउटच्या मागच्या गल्लीत एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं आणि सातवीतल्या एका मुलीला चावलं. माझ्याच वर्गातली. तिला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. ती पोटावर हात धरून वाकून चालायची, ते मी पाहिलं होतं. लेआउटच्या समितीनं अर्ज तयार केला, की मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त व्हावा. कागद घरोघर फिरला. मी तिसरी सही केली. बंदोबस्त म्हणजे काय, हे मला माहीत होतं. त्या काळी त्याचा अर्थ एकच होता, विषाचे गोळे, आणि तो सगळ्यांना माहीत होता. आजही त्या मुलीची चाल आठवली, की सही चूक होती असं मला छातीठोक म्हणता येत नाही. किनारच्या गळ्यात लाल काठ होता. ती जमिनीवरचं खात नव्हती. समितीच्या सेक्रेटरींनी रविवार सांगितला होता आणि रविवारी मी तिला आत कोंडणार होते. तीन गोष्टी. मी हिशेब पक्का केला होता.

कॉर्पोरेशनचा माणूस शनिवारीच आला.

शनिवारी सकाळची शाळा. मी साडेअकराला परतले तेव्हा कूलर अजून सुरू झाला नव्हता, जमीन कोरडी होती आणि किनार तिच्या त्याच जागेवर पडली होती. पाय ताठ. तोंडाशी फेस वाळलेला. काकू ओट्यावर बसून रडत होत्या.

"मी सांगितलं त्याले, ही पाळलेली आहे. पट्टा पाहा म्हटलं. तो म्हणे, चिंधी आहे, पट्टा नाही. त्यानं गोळा फेकला. हिनं पाहिलंसुद्धा नाही वं. मला वाटलं, वाचली."

"मग?"

"मग त्यानं गोळा उचलला अन् हातावर धरला."

"घे म्हणाला का तो?"

"काहीच नाही म्हणाला. हात पुढं केला फक्त. ही उठून गेली."

मी सायकल काढली आणि परत शाळेत गेले. काकाजी वर्गांना कुलुपं लावत होते. मी जे झालं ते तीन वाक्यांत सांगितलं. त्यांनी उरलेली दोन कुलुपं लावली, किल्ल्या खिळ्याला अडकवल्या आणि निघाले. माझ्या कूलरपाशी येऊन थांबले. गुडघे टेकून त्यांनी तिच्या गळ्यातला काठ सोडला, घडी करून खिशात ठेवला. तिला पोत्यात गुंडाळलं. माझ्याकडून फावडं घेतलं आणि कंपाउंडच्या भिंतीच्या कडेनं, जिथनं ती चालायची, तिथं खड्डा केला. मी मदत करायला पुढं झाले, तर नको म्हणाले नाहीत.

माती सारखी झाल्यावर मी म्हटलं, "काकाजी, त्या अर्जावर माझी सही आहे. तिसरी."

त्यांनी चिडावं असं मला वाटत होतं. दोन शब्द बोलले असते तर मीही दोन बोलले असते आणि गाठ सैल झाली असती. ते फावड्याची माती बोटानं निपटत म्हणाले, "सही बहुतायनं केली असंन बाई. सूत माह्या हातात होतं. मले माहीत होतं कच्चं आहे. तरी मी ताण देला."

सोमवारी ते कामावर आले. घंटा अगदी वेळेवर वाजली. त्या दिवसापासून ती नेहमीच वेळेवर वाजली.

दोन आठवड्यांनी मुली तक्रार घेऊन आल्या. "बाई, काकाजी कुत्र्यांना छळतात." मला खरं वाटेना. शाळा सुटल्यावर मी त्यांच्यामागून गेले. वळणावर ते सायकल लावून उकिडवे बसले. एक कुत्रं ओळखीनं शेपूट हलवत आलं. त्यांनी पिशवीतून कणकेचा गोळा काढला, उघड्या तळहातावर धरला. "घे गा." कुत्र्यानं घेतला, आणि पुढच्या क्षणाला किंचाळत मातीत तोंड घासायला लागलं. गोळ्यात तिखट भरलेलं होतं, भिवापुरी मिरचीचं.

"काकाजी!"

"थांबा बाई. आणखी दोनदा लागन ह्याले."

ते रोज हेच करत होते. गल्ली ठरवून, एकेक कुत्रं ठरवून. एकदा खाल्लेलं कुत्रं दुसऱ्यांदा लांबूनच वास घेई, तिसऱ्यांदा येत नसे. जे येई त्याला पुन्हा. इथंही सूत पाहणं सुटलं नव्हतं. भित्र्याला चिमूटभर तिखट, दांडग्याला मूठभर. "भितऱ्याले एकडाव पुरे," म्हणत, "त्याले जास्त देलं तर तो माणसाच्या सावलीलेबी भिईन, अन् मंग चावन." वीस वर्षं त्यांनी त्या भागातल्या कुत्र्यांना उघडा हात शिकवला होता. आता तेच ते एकेक धागा काढून उसवत होते. वकिलांकडे गेले, तर वकिलांनी हाकलून दिलं. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. मी त्यांच्यासोबत आत गेले आणि काय झालं ते सगळं सांगितलं, माझी सही धरून. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट एकदा फिरवून जागेवर ठेवला. मग म्हणाल्या, "शाळेच्या वेळेत नको."

मी माझ्या परीनं एक काम केलं. घरोघर गेले आणि सांगितलं, कुत्र्याला खायला घालायचं तर एक ताटली ठरवा, फाटकाच्या आत ठेवा, रोज तीच. हातानं घालू नका. बहुतेकांनी ऐकलं. मी गणित शिकवलेल्या मुली बहुतेक घरांत होत्या.

सगळ्यात शेवटी त्यांनी स्वतःच्या तांबड्याला ते दिलं. त्यांनीच मला सांगितलं, वऱ्हांड्यात, हजेरीपट देता देता. मला राहवलं नाही. "त्याला तरी तुमच्या हातचं खाऊ द्यायचं होतं. म्हातारा झालाय तो."

"मीबी म्हातारा झालो बाई. मी मेल्यावर कोणाचा हात त्याच्यापुढं येईन, काय माहीत?"

त्यानंतर तांबडा खड्ड्यात झोपेना. उंबऱ्यावर झोपायला लागला.

काकाजी निवृत्त झाले तोवर अशी स्थिती आली होती, की गल्लीत ते येण्याआधी मला कळायचं. पसरलेली कुत्री एकेक करून उठत, अंग झटकत आणि दुसऱ्या बाजूला निघून जात. मग कोपऱ्यावरून त्यांची सायकल दिसे. मागे कोणी नसे.

पहिल्या अर्जानंतर तीन-चार वर्षांनी समितीनं पुन्हा अर्ज केला. या वेळी मी सही केली नाही, पण अर्ज गेलाच. माणूस पोतं घेऊन आला तेव्हा मी रजा टाकून ओट्यावर बसले होते. त्यानं गोळे फेकले. कुत्र्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यानं हात पुढं केला. कूलरखालचं एक पिवळं कुत्रं ताडकन उठलं आणि भिंतीवरून पलीकडे गेलं. तासभर तो आमच्या गल्ल्यांतून फिरला. पोतं रिकामंच घेऊन परत गेला.

मी तडक काकाजींकडे गेले. ते महिनाभर अंथरुणाला खिळून होते. शेजारची एक बाई दोन वेळचं आणून देत होती. पोटात पाणी झालं होतं, बोलताना धाप लागत होती. खाट खड्ड्याला लागून होती. खड्ड्यातलं पोतं तसंच, त्यावर धूळ.

"आज तो आला होता काकाजी," मी म्हटलं. "आपल्या भागातलं एकही गेलं नाही."

"एकबी?"

"एकही नाही."

"हातापाशी आलं का कोणी?"

"कोणी नाही. पिवळं एक होतं, ते तर भिंतीवरून उडी मारून गेलं."

त्यांनी डोळे मिटले. उशाखाली चाचपून लाल काठाची ती घडी काढली, माझ्याकडे दिली आणि हात तसाच खाटेवरून खाली सोडला. बोटं उघडी, तळवा वर. उंबऱ्यावर तांबडा पडला होता. त्यानं मान उचलली. त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. शेपूट एकदा जमिनीवर आपटली. मग त्यानं मान परत पंजांवर ठेवली आणि तिथंच राहिला.

काकाजींनी डोळे उघडून ते पाहिलं.

"शाबास गा," ते म्हणाले.